लोव्हॅटचे फ्रेझर: ज्या राजाने सरदाराचे शिर उडवले, त्याच राजासाठी दहा वर्षांत पलटण कशी उभी राहिली?

बखरवाचक (धागाकर्ता)
स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात, म्हणजे हायलँड्समध्ये, नांदलेल्या फ्रेझर घराण्याच्या लोव्हॅट शाखेविषयी सध्या वाचतो आहे. त्यातल्या एका प्रश्नावर जाणकारांची मते हवी आहेत, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात मांडतो. फ्रेझर हे फ्रान्सकडून आलेले घराणे मानले जाते आणि बाराव्या शतकात ते दक्षिण स्कॉटलंडमध्ये जमीनदार म्हणून दिसू लागतात. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्ययुद्धात सर सायमन फ्रेझर इंग्रजांविरुद्ध लढला. १३०६ साली लंडनमध्ये त्याला हालहाल करून मारले आणि त्याचे शिर विल्यम वॉलेसच्या शिराशेजारी लंडनच्या पुलावर लावले. पुढे एक शाखा इन्व्हर्नेसजवळच्या ब्यूली परिसरात स्थिरावली आणि काही पिढ्यांत गेलिक बोलणारा, पूर्णपणे हायलँडी असा क्लॅन, म्हणजे एका प्रमुखाला मानणारे भाऊबंदांचे कूळ, बनली. १५४४ साली लॉख लोखी सरोवराच्या काठी मॅकडोनाल्डांशी झालेल्या झुंजीत लोव्हॅटचा प्रमुख आणि त्याचा थोरला मुलगा दोघेही पडले, तरीही घराणे टिकले.

आता मूळ मुद्दा. ११ वा लॉर्ड लोव्हॅट, सायमन फ्रेझर, याने १७४५ च्या जॅकोबाइट उठावात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठीच्या बंडात, स्टुअर्ट राजपुत्र चार्ल्सच्या बाजूने आपल्या मुलाला आणि क्लॅनला पाठवले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर उठाव चिरडला गेला. फ्रेझरांचा वाडा जाळण्यात आला, मुलूख सरकारजमा झाला आणि ९ एप्रिल १७४७ रोजी म्हाताऱ्या लॉर्डचा लंडनच्या टॉवर हिलवर शिरच्छेद झाला. ब्रिटनमध्ये शिरच्छेद करून ठार मारला गेलेला तो शेवटचा माणूस. यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १७५७ मध्ये, त्याच मुलाने त्याच दुसऱ्या जॉर्ज राजासाठी फ्रेझर हायलँडर्स ही पलटण उभी केली आणि तिला घेऊन तो कॅनडात फ्रेंचांशी लढायला गेला. हे मनःपरिवर्तन समजावे, की सौदा? आणि त्याच्यामागे गेलेल्या साध्या माणसांचे काय?

अटकेपार
माझ्या मते हा सरळ सौदा होता, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मुलगा सायमन उठावाच्या वेळी जेमतेम विशीचा होता. १७४६ मध्ये तो शरण आला, एडिंबरोच्या किल्ल्यात कैदेत राहिला आणि १७५० मध्ये त्याला माफी मिळाली. त्यानंतर त्याने वकिली केली. १७५२ मध्ये ॲपिन खून खटल्यात, म्हणजे जप्त मुलखाच्या कॅम्बेल कारभाऱ्याच्या खुनाच्या खटल्यात, जेम्स स्टुअर्टला फाशी झाली, त्या खटल्यात तो फिर्यादी पक्षाच्या वकिलांमध्ये उभा होता. ज्याच्या बापाला सरकारने मारले, तो एका जुन्या जॅकोबाइटाविरुद्ध सरकारच्या आणि सरकारनिष्ठ कॅम्बेल क्लॅनच्या बाजूने न्यायालयात उभा राहतो. त्याची दिशा तिथेच स्पष्ट झाली होती.

पलटणीनंतरचा क्रमही पाहा. १७६१ मध्ये तो इन्व्हर्नेस-शायरचा खासदार झाला, १७६२ मध्ये पोर्तुगालच्या मदतीला गेलेल्या सैन्यात त्याने मोठा हुद्दा सांभाळला आणि १७७४ मध्ये संसदेने खास कायदा करून लोव्हॅटची जमीन त्याला परत दिली. तीही फुकट नव्हे, वीस हजार पौंडांहून अधिक रक्कम भरून घेऊन. इतर जप्त मुलूख त्यांच्या मालकांना परत मिळाले ते १७८४ मध्ये, म्हणजे आणखी दहा वर्षांनी. वतन परत मिळवायचे तर तलवार कोणाच्या सेवेत वाहायची, हे त्याला नेमके कळले होते.

सीमोल्लंघन
अटकेपार यांनी दिलेला क्रम बरोबर आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला अपुरा वाटतो. १७५७ मध्ये या सायमनजवळ एक एकरही जमीन नव्हती. कलोडननंतरच्या कायद्यांनी क्लॅनप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले होते, शस्त्रे बाळगण्यास बंदी होती आणि सामान्य पुरुषाने हायलँडी पोशाख घालणे हाही गुन्हा ठरला होता. अशा वेळी, ज्याच्या हातात शेत द्यायची किंवा काढून घ्यायची सत्ता नाही, अशा माणसाच्या शब्दावर काही आठवड्यांत शेकडो माणसे गोळा होतात आणि पलटण हजाराच्या पुढे जाते. हा केवळ एका माणसाचा जमिनीचा हिशेब असता, तर ती माणसे का आली असती?

पोशाखबंदीतून सैन्यातील हायलँड पलटणींना वगळले होते, हे विसरू नये. बापाच्या खांद्यावरचे वस्त्र कायद्याने उतरवले गेले होते आणि ते पुन्हा अंगावर घालण्याची एकमेव कायदेशीर जागा राजाची पलटण हीच होती. बंदी उठली ती १७८२ मध्ये.

निळूभाऊ
एक शंका. या घराण्यात सायमनशिवाय दुसरे नाव ठेवत नसत का? माझ्या वहीत आत्ताच तीन सायमन झाले आहेत आणि धागा अजून क्यूबेकलाही पोहोचलेला नाही.

ईशान्य_वारा (सध्या मुक्काम इन्व्हर्नेस)
निळूभाऊ, लोव्हॅटच्या प्रमुखाला गेलिकमध्ये ‘मॅकशिमी’, म्हणजे सायमनचा पुत्र, असेच म्हणतात. तेव्हा पुढेही सायमनच येणार. वाचकांच्या सोयीसाठी शिरच्छेद झालेल्याला ‘म्हातारा लॉर्ड’, त्याच्या मुलाला ‘जनरल’ आणि दुसऱ्या महायुद्धातल्याला ‘शिमी’ म्हणू या.

आणखी एक घोळ टाळावा. फ्रेझर आडनावाचे एकूण प्रमुखपद लॉर्ड सल्टून यांच्या घराण्याकडे आहे आणि ती शाखा ॲबर्डीनशायरची. फ्रेझरबर्ग हे बंदर वसवणारे हेच. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत ऊगुमाँच्या फळबागेत गार्ड्सच्या हलक्या तुकड्यांचे नेतृत्व करणारा लॉर्ड सल्टून याच घराण्याचा. लोव्हॅट शाखा निराळी, म्हणून ‘फ्रेझर’ एवढेच लिहून दोघांची युद्धे एकाच्या नावावर जमा करू नयेत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात साराटोगाला १७७७ मध्ये पडलेला ब्रिगेडियर सायमन फ्रेझर बालनेनचा होता. १८०८ मध्ये ज्याच्या प्रवासामुळे कॅनडातील फ्रेझर नदीला नाव मिळाले, तो सायमन फ्रेझर व्यापारी आणि प्रवासी होता. आपल्या ‘जनरल’पासून हे दोघेही वेगळे आहेत.

कृष्णाकाठ
धाग्यात म्हाताऱ्या लॉर्डविषयी सहानुभूतीचा सूर उमटू लागला आहे, म्हणून लिहिते. ‘हायलँड्सचा कोल्हा’ म्हणून त्याच्या चातुर्याच्या कथा आवडीने सांगितल्या जातात, पण १६९७ साली त्याने काय केले तेही सांगायला हवे. आधीच्या लॉर्डची विधवा अमेलिया मरे हिच्याशी त्याने बळजबरीने लग्न लावून घेतले, कारण वारसाहक्काच्या भांडणात ॲथोलच्या मरे घराण्याने त्याची कोंडी केली होती. तिचा आक्रोश ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर पाइप (बॅगपाइप हे हायलँडी वाद्य) वाजवत ठेवले होते, असे सांगतात. हा गुन्हा होता आणि तो एका स्त्रीवर झाला. पुढच्या वर्षी त्याच्यावर राजद्रोहाचा निकाल लागला, त्यामागे मरे घराण्याचे राजकारण होते हे खरे असले, तरी त्यामुळे अमेलियाच्या वाट्याला आलेली गोष्ट पुसली जात नाही.

त्यानंतरचे त्याचे आयुष्य म्हणजे पक्ष बदलण्याचा अखंड प्रवास. तो फ्रान्सला पळाला, कॅथलिक झाला, १७०३ मध्ये जॅकोबाइटांचा दूत म्हणून स्कॉटलंडला आला आणि तिथे सरकारच्या माणसांनाही बातम्या पुरवल्या. फ्रेंचांनी त्याला बरीच वर्षे कैदेत ठेवले. १७१५ च्या उठावात मात्र त्याने सरकारची बाजू घेऊन इन्व्हर्नेस जिंकायला मदत केली आणि त्या बदल्यात माफी व मुलूख मिळवला. उतारवयात ड्यूकपदाच्या आशेने तो पुन्हा स्टुअर्टांकडे वळला. १७४५ मध्ये मुलाला पुढे केले आणि सरकारला पत्रे लिहिली की पोरगा माझे ऐकत नाही.

तेव्हा बखरवाचकजी, मुलाने बाजू बदलली याचे आश्चर्य का वाटावे? ते घरातच शिकलेले होते. फरक एवढाच की बापाने दोन्ही दगडांवर पाय ठेवले आणि मुलाने एकच बाजू धरून शेवटपर्यंत निभावली.

अटकेपार
कृष्णाकाठताई, सहमत आहे. मुलाच्या वागण्यात बापाच्या चुकीचा धडा दिसतो, हा मुद्दा माझ्या प्रतिसादात यायला हवा होता.

पानिपतकर
म्हाताऱ्याचा शेवट मात्र विलक्षण आहे. कलोडनच्या संध्याकाळी पळत निघालेला राजपुत्र आणि हा सरदार गॉर्थलेक येथे भेटले. मग त्याला पालखीतून आणि होडीतून हलवत लॉख मोररमधल्या बेटावर लपवले, आणि तिथेच तो सापडला. लंडनला नेताना सेंट ऑल्बन्स येथे चित्रकार विल्यम होगार्थने त्याचे रेखाटन केले. बोटांवर काहीतरी मोजत बसलेला तो स्थूल म्हातारा आजही त्या चित्रात पाहायला मिळतो. हाउस ऑफ लॉर्ड्सपुढील खटल्यात राजपुत्राचा स्वतःचा चिटणीस, मरे ऑफ ब्रॉटन, साक्षीदार झाला. शिरच्छेदाच्या दिवशी प्रेक्षकांसाठी उभारलेला एक मचाण कोसळून माणसे मेली.

त्याचे शरीर चोरून किर्कहिलच्या घराण्याच्या स्मृतिगृहात आणले, अशी फ्रेझरांची श्रद्धा होती. तिथल्या शिसाच्या पेटीतील अस्थींची न्यायवैद्यक तपासणी सू ब्लॅक यांच्या पथकाने केली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला की मुख्य सांगाडा एका तरुण स्त्रीचा आहे. सरकारी नोंदीप्रमाणे लॉर्डला लंडनच्या टॉवरमधील चॅपलमध्येच पुरले होते.

सीमोल्लंघन
मूळ प्रश्नाच्या उत्तरार्धाकडे, म्हणजे साध्या माणसांकडे येतो. फ्रेझर हायलँडर्सचा क्रमांक ७८ होता. १७५८ मध्ये कॅनडातील लुईबर्ग या फ्रेंच किल्ल्याचा वेढा, १३ सप्टेंबर १७५९ रोजी क्यूबेकबाहेरच्या अब्राहमच्या पठारावरची लढाई आणि १७६० च्या वसंतात सँत-फ्वाची लढाई, असा त्यांचा मार्ग. क्यूबेकच्या लढाईच्या आदल्या रात्री नदीतून होड्या जात असताना काठावरच्या फ्रेंच पहारेकऱ्याला अस्खलित फ्रेंचमध्ये उत्तर देऊन फसवणारा अधिकारी याच पलटणीचा होता, असे सांगतात. हायलँड घराण्यांचे फ्रान्सशी असलेले जुने जॅकोबाइट संबंध इंग्रजांच्या कामी आले ते असे.

या मोहिमेचा सेनापती जेम्स वुल्फ स्वतः कलोडनला सरकारी बाजूने लढला होता. १७५१ च्या एका पत्रात त्याने लिहिले होते की हायलँडर काटक आणि निधडे असतात, अवघड मुलखाला सरावलेले असतात, आणि ते पडले तरी फार बिघडत नाही. सैन्यात त्यांची भरती करण्यामागे राज्यकर्त्यांपैकी काहींचा हिशेब किती थंड होता, हे त्या एका वाक्यात दिसते. कलोडनला पडलेल्या फ्रेझरांचे भाऊ आणि पुतणे तेरा वर्षांनी त्याच वुल्फच्या हुकुमाखाली तलवारी उपसून फ्रेंचांचा पाठलाग करत होते. मला ही गोष्ट वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

मावळतीचा_गाव
ही ७८ वी हायलँड पलटण म्हणजे १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभी असलेलीच ना? म्हणजे फ्रेझर आपल्या मराठवाड्यात येऊन गेले होते, असे म्हणायला हरकत नसावी.

ईशान्य_वारा
हरकत आहे. फ्रेझरांची ७८ वी पलटण १७६३ मध्ये मोडली. त्यातील बरीच माणसे परत आलीच नाहीत. त्यांनी कॅनडात जमिनी घेतल्या, क्यूबेकच्या स्त्रियांशी लग्ने केली आणि दोन-तीन पिढ्यांत त्यांचे वंशज फ्रेंच बोलू लागले. असईला लढलेली ७८ वी पलटण १७९३ मध्ये सीफोर्थच्या मॅकेन्झी प्रमुखाने उभारलेली निराळी पलटण होय. तिच्याबरोबर असईत असलेली ७४ वी हायलँड पलटण १७८७ मधली. ब्रिटिश सैन्यात पलटण मोडली की तिचा क्रमांक नव्या पलटणीला देत, म्हणून ही गफलत अनेक ठिकाणी दिसते. ७१ क्रमांकाचेही तेच. जनरलने १७७५ मध्ये अमेरिकेच्या युद्धासाठी उभारलेली ७१ वी फ्रेझर हायलँडर्स काउपेन्स आणि यॉर्कटाउन पाहून १७८३ मध्ये संपली, आणि म्हैसूरच्या युद्धांत टिपूविरुद्ध लढलेली ७१ वी ही मूळची मॅक्लाउडची.

पानिपतकर
हिंदुस्थानशी खरा संबंध हवा असेल तर तो दिल्लीत आहे. इन्व्हर्नेसजवळच्या रीलिगचे फ्रेझर हे लोव्हॅट क्लॅनमधले घराणे. त्यांतला विल्यम फ्रेझर कंपनीचा दिल्लीतील बडा अधिकारी झाला. तो स्किनरच्या घोडदळाशी निगडित होता आणि मिर्झा गालिबचा त्याच्याशी स्नेह होता. त्याने आणि त्याचा भाऊ जेम्स बेली फ्रेझर याने दिल्लीच्या चितारींकडून काढून घेतलेली शिपाई, गावकरी आणि कलावंतिणींची चित्रे ‘फ्रेझर आल्बम’ म्हणून प्रसिद्ध आहेत. मार्च १८३५ मध्ये विल्यमचा गोळी घालून खून झाला आणि त्या प्रकरणी फिरोजपूर झिरक्याचे नवाब शम्सुद्दीन अहमद खान यांना फाशी देण्यात आले. शायर दाग देहलवी हे या नवाबांचे पुत्र.

मराठ्यांच्या बाजूने पाहिले तर नोव्हेंबर १८०४ मध्ये डीगच्या लढाईत होळकरांच्या तोफांनी ज्याचा पाय गेला आणि त्यातच जो मरण पावला, तो मेजर जनरलही फ्रेझरच. मात्र केवळ आडनावावरून त्याला लोव्हॅटच्या वंशवृक्षात बसवू नये.

बखरवाचक
असईचा खुलासा आणि दिल्लीची माहिती, दोन्हींबद्दल आभार. परंतु आपण पुन्हा वंशजांकडे यावे, कारण माझ्या प्रश्नाचे दुसरे टोक तिथे आहे. १७८२ मध्ये जनरल निपुत्रिक वारला. त्याचा सावत्र भाऊ आर्चिबाल्ड याची मुले बापाच्या आधीच गेली. १८१५ मध्ये मुलूख स्ट्रिखेनच्या फ्रेझर शाखेकडे गेला आणि १८३७ मध्ये त्या शाखेला लॉर्डपद मिळाले. म्हणजे पुढचे ‘लोव्हॅट’ हे शिरच्छेद झालेल्याचे थेट वंशजही नव्हेत. तरीही त्यांनी सैन्याची परंपरा आपली म्हणून चालवली. हे कसे?

गडवाट
याचे उत्तर १९०० मध्ये उभारलेल्या लोव्हॅट स्काउट्स या टेहळणी पथकात आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिशांची माणसे उघड्या माळावर दूरच्या बोअर नेमबाजांना बळी पडत होती. तेव्हाच्या लॉर्ड लोव्हॅटने ओळखले की या कामाला हायलँड्सचे गिली (शिकारीत मदत करणारे नोकर) आणि हरणांचा माग काढणारे शिकारी हवेत. ही माणसे दुर्बिणीतून तासन् तास डोंगर न्याहाळू शकत, झुडपासारखी पडून राहू शकत, वारा ओळखत आणि दिवसभर पायी चालत. सैन्याचे शिक्षण नसले तरी टेहळणीचे शिक्षण त्यांच्या पोटापाण्याच्या धंद्यातच झालेले होते. सप्टेंबर १९०१ मध्ये बोअरांनी रात्री छापा घातला, त्यात त्यांचा नायक आणि कितीतरी माणसे मारली गेली. तरी पथक पुन्हा उभे राहिले. पहिल्या महायुद्धात ते १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला उतरले आणि त्यांच्यातील निवडक माणसांनी पुढे पश्चिम आघाडीवर दुर्बिणी घेऊन शत्रूची हालचाल टिपण्याचे काम केले. गवत-चिंध्यांचा जो झगा आज जगभरचे स्नायपर वापरतात, त्याची परंपरा या गिलींपर्यंत नेली जाते.

वारस शाखा बदलली तरी मुलूख आणि त्यावरची माणसे तीच होती. परंपरा चालली ती रक्तापेक्षा या संबंधामुळे, असे मला वाटते.

सीमोल्लंघन
गडवाट यांचा मुद्दा मान्य करून त्यात एक फरक नोंदवतो. १७५७ मध्ये आलेला माणूस स्वतःला प्रमुखाचा भाऊबंद समजत होता. १९०० मध्ये आलेला माणूस शिकारीसाठी राखलेल्या डोंगरांवरचा पगारी नोकर होता. मधल्या काळात क्लॅनची जमीन ही जमीनदाराची खाजगी मालमत्ता बनली होती. निष्ठा टिकली, पण ती ज्या जमिनीवर उभी होती ती माणसांच्या पायाखालून गेली होती.

गडवाट
आणि तिसऱ्या टप्प्यात तर क्लॅनच उरला नाही. शिमी, म्हणजे १९११ मध्ये जन्मलेला सायमन, दुसऱ्या महायुद्धात कमांडो झाला. मार्च १९४१ मध्ये नॉर्वेजवळच्या लोफोटेन बेटांवरचा छापा आणि १९ ऑगस्ट १९४२ चा दिएप या फ्रेंच बंदरावरचा छापा, या दोन्हींत तो होता. दिएपची मोहीम एकूण फसली, परंतु शिमीच्या ४ क्रमांकाच्या कमांडो पथकाने वॅरांजव्हिलची सहा तोफांची जर्मन बॅटरी नेमलेल्या वेळेत नष्ट केली. एका गटाने समोरून मारा चालू ठेवला आणि शिमी दुसरा गट घेऊन बाजूने वळसा घालून तुटून पडला. त्या चढाईत पॅट पोर्टिअस यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या सॉर्ड किनाऱ्यावर शिमीने आपली ब्रिगेड उतरवली. आघाडीवर पाइप वाजवण्यास युद्ध खात्याची मनाई होती. शिमीचा पाइपवादक बिल मिलिन याने ती आठवण करून देताच शिमीने सांगितले की तो नियम इंग्रजांच्या युद्ध खात्याचा आहे, आपण दोघे स्कॉटिश आहोत. मिलिन गोळीबारात पाइप वाजवत चालला, आणि दुपारपर्यंत ते ग्लायडरने उतरलेल्या सैनिकांनी धरून ठेवलेल्या पेगासस पुलावर पोहोचले. सहा दिवसांनी ब्रेव्हिलजवळ तोफगोळ्याने शिमी गंभीर जखमी झाला आणि त्याचे युद्ध तिथेच संपले.

पण त्या ब्रिगेडमध्ये लोव्हॅटच्या मुलखातली माणसे किती? मिलिन कॅनडात जन्मलेला आणि ग्लासगोत वाढलेला, बाकीचे ब्रिटनभरातून आलेले स्वयंसेवक. शिवाय फिलिप कीफर यांचे १७७ फ्रेंच सैनिकही त्याच दिवशी शिमीच्या हाताखाली उतरले होते. १७५९ मध्ये फ्रेंचांवर तुटून पडलेल्या घराण्याच्या वारसाबरोबर फ्रेंच आपल्या मायभूमीत परत आले, हा योग मला फार हृद्य वाटतो.

मावळतीचा_गाव
एसएएस या ब्रिटिश छापामार पलटणीचे संस्थापक डेव्हिड स्टर्लिंगही याच गोतावळ्यातले, असे कुठेतरी ऐकले होते. ते खरे आहे का?

ईशान्य_वारा
खरे आहे. स्टर्लिंगच्या आई लोव्हॅटच्या घरातल्या, म्हणून शिमी आणि ते आतेमामेभाऊ. युगोस्लाव्हियात टिटोच्या गनिमांबरोबर राहिलेले फिट्झरॉय मॅक्लीन यांनी १९४६ मध्ये शिमीच्या बहिणीशी लग्न केले. एका घराच्या नात्यात छापामार युद्धाची इतकी माणसे सापडणे हे दुर्मीळ आहे.

कृष्णाकाठ
ज्या जमिनीसाठी जनरलने पलटण उभी केली, तिचे पुढे काय झाले तेही इथे नोंदवून ठेवते. मार्च १९९४ मध्ये शिमीचे दोन मुलगे काही दिवसांच्या अंतराने गेले, एक टांझानियात रानरेड्याच्या हल्ल्यात आणि दुसरा, थोरला, शिकारीच्या वेळी हृदयविकाराने. थोरल्याच्या मागे मोठे कर्ज राहिले. १९९५ मध्ये शिमी वारला, पदवी नातवाकडे गेली आणि ब्यूफोर्टचा वाडा विकला गेला. अटकेपार, सौदा जमिनीसाठी होता असे तुम्ही म्हणता. त्या सौद्याची मुदत साधारण दोनशे वीस वर्षे ठरली, असे म्हणावे लागेल.

अटकेपार
मुदत संपली म्हणून सौदा नव्हता असे होत नाही, कृष्णाकाठताई. पण सीमोल्लंघन यांनी विचारलेला ‘माणसे का आली’ हा प्रश्न मला आता जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याला आणखी एक बाजू आहे. १७५७ मध्ये सातवर्षीय युद्धासाठी ब्रिटनला शिपाई कमी पडत होते, आणि तेव्हा युद्धाचा कारभार पाहणाऱ्या थोरल्या विल्यम पिट या मंत्र्याने बंडखोरांच्या मुलखातून भरती करण्याचे धोरण उचलून धरले. पुढे १७६६ मध्ये त्याने संसदेत अभिमानाने सांगितले की मी गुणवत्ता शोधली आणि ती उत्तरेच्या डोंगरांत मला सापडली. राजाला माणसे हवी होती, जनरलला जमीन हवी होती, आणि माणसांना शस्त्र, पोशाख आणि कॅनडात मिळू शकणारे शेत हवे होते. म्हणून माझे उत्तर आता असे आहे की सौदा होताच, फक्त तो तिघांमधला होता. जनरलला आपला हिस्सा १७७४ मध्ये मिळाला. पलटणीतल्या ज्या माणसांनी सेंट लॉरेन्सच्या काठी शेती धरली, त्यांना तो अकरा वर्षे आधीच मिळाला होता.

सीमोल्लंघन
हे मला पटते, एक दुरुस्ती सुचवून. जे अब्राहमच्या पठारावर आणि सँत-फ्वाला पुरले गेले, त्यांचा हिस्सा या हिशेबात धरलेला नाही. त्यांची नावे लोव्हॅटच्या कागदांपेक्षा पलटणीच्या हजेरीपटांत शोधावी लागतील. कोणी तसे हजेरीपट पाहिले असतील, तर त्यांनी याच धाग्यावर लिहावे.